परसातल्या अंजिराला वळण

आधी एक कोडे सोडवा. एका झाडाच्या खोडात जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर कोणीतरी खिळा ठोकला. झाड त्या वेळी तीन मीटर उंच होते. काही वर्षांनी ते सहा मीटर उंच झाले. आता खिळा किती उंचीवर असेल?

वर्गात हा प्रश्न विचारला की बरेच हात 'दोन मीटर' म्हणून वर होतात. झाड दुप्पट झाले, तर खिळाही दुप्पट उंच गेला पाहिजे, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. खरे उत्तर मात्र 'एक मीटर' हेच आहे. खिळा जागचा हलत नाही.

कारण झाड रबराच्या पट्टीसारखे सगळीकडून ताणले जात नाही. भिंतीवर विटांचा थर चढावा तसे ते टोकाशी वाढते. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला अगदी लहानसा कोवळा भाग असतो. तिथे पेशींचे विभाजन चालू असते. नव्या पेशी तयार होतात, लांबट होतात आणि शेंडा पुढे ढकलला जातो. जो भाग मागे पडून जून झाला, त्याची लांबी कायमची ठरली. पुढे तो फक्त जाड होतो; कारण सालीच्या आतल्या बाजूला ऊतककर नावाचा पेशींचा एक पातळ थर असतो आणि तो आत लाकूड व बाहेर साल तयार करीत राहतो.

आता खिळ्याच्या जागी फांदी आहे असे समजा. आज तुमच्या कमरेच्या उंचीवर फुटलेली फांदी वीस वर्षांनीही जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असणार आणि डोक्याच्या वर तीन हात फुटलेली फांदी कधीही खाली उतरणार नाही. परसात अंजिराचे रोप लावणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर पुढे काय होते ते पुष्कळ घरांमागे पाहायला मिळते. रोप सोटासारखे सरळ वर जाते, छपराच्या वर पोहोचल्यावर फांद्या फोडते आणि पिकलेली फळे कावळे, बुलबुल व वटवाघळे यांच्या वाट्याला जातात. मग कोणीतरी वैतागून कोयता घेतो आणि झाड मधूनच तोडतो. तुटक्या टोकापाशी पाच-सहा धुमाऱ्यांचा झुपका उगवतो, झाडाला उलट्या केरसुणीचा आकार येतो आणि त्या दाटीत ना ऊन शिरते ना वारा. 'अंजीर आमच्या जागेत होत नाही' असा शेरा मारून घरातली मंडळी मोकळी होतात. दोष बहुतेक वेळा जागेचा नसतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत झाडाला वळण लावायचे राहून गेलेले असते.

उंबराचे भावंड

अंजीर, म्हणजे वनस्पतिशास्त्रातला फायकस कॅरिका, हा वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच प्रजातीतला. त्याचे मूळ घर पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राचा परिसर. कोरडी हवा त्याला मानवते. म्हणून कोकणातल्या मुसळधार पावसापेक्षा घाटमाथ्याच्या पूर्वेचा कमी पावसाचा मुलूख त्याला आवडतो. पुणे जिल्ह्यात दिवे घाट चढून सासवडकडे गेले की अंजिराच्या बागा दिसू लागतात. पुरंदरच्या या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एखादी अशक्यप्राय गोष्ट दिसली की आपण तिला 'उंबराचे फूल' म्हणतो. अंजिराचेही तसेच आहे. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरे पाहता एक मांसल पिशवी असून तिच्या आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. ती बाहेरून दिसणार कशी? उंबराच्या फुलांना परागीभवनासाठी पिशवीत शिरणारी एक चिमुकली गांधीलमाशी लागते; आपल्याकडच्या पुणेरी अंजिराला मात्र तिची गरज पडत नाही, त्याची फळे परागीभवनावाचूनच वाढतात.

छाटणी समजून घेण्यासाठी फळाच्या आत डोकावण्यापेक्षा ते कोठे लागते हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अंजिराची बोटाएवढी जाड फांदी जवळून पाहा. ठराविक अंतरावर तिच्याभोवती अंगठीसारखी वळी दिसेल. हे पेर. तिथे पानाचा देठ असतो, किंवा पान गळून गेल्यावर राहिलेला गोलसर वण असतो. देठाच्या वरच्या बगलेत डोळे असतात. अणकुचीदार डोळा फांदीचा आणि त्याच्या शेजारचा गोल, बुटका डोळा फळाचा. चालू हंगामात वाढणाऱ्या नव्या फांदीवर एकेक पान उलगडत जाते आणि त्याच्या बगलेत एकेक फळ धरत जाते. काही जातींत मागच्या हंगामाच्या जुन्या फांदीवरही थोडी फळे येतात, पण आपल्याकडे मुख्य भिस्त नव्या फांदीवरच.

याचा अर्थ लक्षात आला का? नवी फांदी नाही, तर नवे पान नाही. नवे पान नाही, तर नवी बगल नाही आणि बगल नाही, तर फळही नाही. शिवाय त्या पानाला ऊनही मिळाले पाहिजे, कारण फळातली साखर पानेच तयार करतात. तेव्हा हात पोहोचेल अशा उंचीवर, उन्हात, दरवर्षी पुरेशा नव्या फांद्या फुटतील असा सांगाडा उभा करणे हे वळण लावण्याचे काम. तो सांगाडा दरवर्षी जागता ठेवणे हे छाटणीचे काम.

पहिली छाट

रोप लावल्यावर ते एकाच दांड्याने वर जाऊ लागते. ते मीटरभर झाले की सर्वांत अवघड क्षण येतो. तो अवघड आहे तो झाडाला नव्हे, तर आपल्याला! इतक्या हौसेने वाढवलेल्या रोपाचा शेंडा सुमारे पाऊण मीटर उंचीवर कापून टाकायचा. घरातल्या आजी हळहळतात. पण ही छाट टाळली, तर खिळ्याच्या कोड्याचे उत्तर पुढे झाडच तुम्हाला देईल.

शेंडा उडवल्यावर दोन-तीन आठवड्यांत खालचे डोळे फुगतात आणि त्यांतून धुमारे बाहेर पडतात. सहा-सात येतील. सर्व ठेवायचे नाहीत. चार दिशांना तोंडे असलेले तीन किंवा चार निवडायचे. ते एकाच पेरापासून फुटलेले नसावेत. एकाच्या वर दुसरा दहा-पंधरा सेंटिमीटर अंतराने असला म्हणजे उत्तम. उरलेले धुमारे हिरवे व कोवळे असतानाच अंगठ्याने मोडून टाकावेत. कोवळेपणी हे काम बोटाने होते, वर्षभर थांबलात तर करवत लागते. बुडातून, जमिनीलगत येणारे फुटवेही असेच काढावेत.

काही देशांत अंजिराला मुद्दाम अनेक खोडे ठेवून झुडपासारखे वाढवतात. कडक थंडीत एखादे खोड मेले तरी बाकीची वाचावीत हा त्यामागचा हेतू. आपल्या दख्खनच्या पठारावर हे कारण लागू नाही, म्हणून परसात एकखोडी झाडच मला अधिक सोयीचे वाटते. बुडाशी झाडता येते, आळे नीट राखता येते आणि खोडकिड्याने पाडलेले छिद्र व त्याखाली सांडलेला भुसा चटकन नजरेस येतो.

डोळे झोपलेले का असतात?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शेंडा होता तोवर खालचे डोळे गप्प होते. शेंडा गेल्यावर ते जागे झाले. शेंडा गेल्याची बातमी त्यांना कोणी सांगितली?

शेंड्याच्या या वरचष्म्याला शास्त्रज्ञ अग्रप्रभुत्व म्हणतात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबांवर प्रयोग करून असे दाखवून दिले की, कोंबाच्या शेंड्यात वाढीला चालना देणारे एक द्रव्य तयार होते आणि ते आगरच्या तुकड्यात उतरवून घेता येते. या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव पडले. त्यानंतर अमेरिकेत केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी १९३३ व १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाकल्याची रोपे घेतली. रोपाचा शेंडा कापला की बगलेतले डोळे वाढू लागत, ही नेहमीचीच गोष्ट. त्यांनी काही रोपांच्या कापलेल्या टोकावर ऑक्झिन असलेले आगरचे तुकडे ठेवले आणि ते पुनःपुन्हा बदलत राहिले. या रोपांचे डोळे दबलेलेच राहिले. जणू शेंडा अजून जागेवरच आहे! शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन डोळ्यांना दाबून ठेवते, ही कल्पना या प्रयोगांमुळे रूढ झाली.

आता पुणे भागातल्या अंजीर बागायतीतली एक जुनी युक्ती पाहा. फांदी सरळ वर गेली आहे, मधले डोळे झोपलेले आहेत, पण शेंडा कापायचा नाही. अशा वेळी पावसाळ्यात, साधारण जुलैत, हव्या त्या डोळ्याच्या अगदी वर सालीला तिरपी खाच पाडतात आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांब व सव्वा सेंटिमीटर रुंद असा सालीचा तुकडा काढून टाकतात. एका फांदीवर तीन-चार डोळ्यांपुरतेच हे करायचे. थोड्याच दिवसांत नेमके तेच डोळे फुटतात.

याचा उलगडा थिमन आणि स्कूग यांच्या प्रयोगाने होतो. ऑक्झिन शेंड्याकडून बुडाकडे उतरते ते सालीलगतच्या जिवंत पेशींमधून. खाच ही त्या वाटेवरची खिंडार पडलेली जागा. खाचेच्या लगेच खाली असलेल्या डोळ्यापर्यंत वरचा निरोप पोहोचत नाही, आणि शेंडा शाबूत असूनही त्या डोळ्यापुरता तो नाहीसा झालेला असतो. मुळांकडून पाणी आणणाऱ्या वाहिन्या मात्र आत लाकडात असल्यामुळे डोळ्याला पाणी मिळत राहते. खाच डोळ्याच्या वर न पाडता खाली पाडली, तर हा परिणाम मिळत नाही. बागायतदाराने ऑक्झिन हे नाव ऐकले असो वा नसो, खाच कोठे पाडायची हे त्याला पक्के ठाऊक असते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर पाठ्यपुस्तके लिहिणारांची सोय झाली असती. पण ऑक्झिन हे एकटेच सूत्रधार नाही. मुळांकडून वर जाणारी सायटोकायनिने डोळ्यांना जागे करतात. २००८ साली स्ट्रायगोलॅक्टोन या गटातील द्रव्ये फांद्या फुटण्याला आळा घालतात असे सिद्ध झाले. या नावामागे आपल्या ओळखीचे एक तण आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला तुम्ही पाहिला असेल. त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा. पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या ज्या द्रव्यांचा सुगावा लागून टारफुल्याचे बी रुजते, तीच ही द्रव्ये.

२०१४ साली ऑस्ट्रेलियात वाटाण्यावर झालेल्या संशोधनाने आणखी एक पैलू पुढे आणला. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर एवढ्याच गतीने उतरते. उंच रोपाचा शेंडा कापला, तर बुडाजवळच्या डोळ्यापर्यंत ऑक्झिन कमी झाल्याची बातमी पोहोचायला फार वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात तो डोळा त्याआधीच वाढू लागतो! तपासाअंती असे आढळले की, वाढत्या शेंड्याकडे जाणारी साखर शेंडा जाताच उरते, ती फार वेगाने डोळ्यांपर्यंत येते आणि तिच्यामुळेच पहिली जाग येते. म्हणजे शेंडा हा नुसता हुकूम सोडणारा पाटील नव्हे, तर पंगतीत वाढलेले बरेचसे स्वतःच फस्त करणारा पाहुणाही आहे. तो उठला की मागे बसलेल्यांची पाने भरतात.

दुसरे आणि तिसरे वर्ष

पहिल्या वर्षी राखलेल्या तीन-चार फांद्या आता लांब झालेल्या असतील. त्यांचा खोडाशी होणारा कोन पाहा. काही फांद्या खोडाला बिलगून सरळ वर जातात. अशा चिंचोळ्या बेचक्यात दोन्हींची साल आत दबून राहते, लाकडाला लाकूड जुळत नाही आणि पुढे फळांच्या भाराने किंवा वादळात ती बेचकी उभी फाटते. रुंद कोनात निघालेली फांदी मजबूत बसते. फांदी कोवळी असतानाच खोड आणि फांदी यांच्यामध्ये बांबूची कामटी आडवी अडकवावी, किंवा सुतळीने फांदी हळूच बाहेर ओढून जमिनीतल्या खुंटीला बांधावी. सुतळीखाली गोणपाटाचा तुकडा ठेवा, नाहीतर ती सालीत रुतेल. फांदी आडवी झाली की तिच्या शेंड्याचा वरचष्माही थोडा ढिला पडतो आणि वरच्या बाजूचे डोळे फुटू लागतात. हा परिणाम कात्रीवाचून मिळतो.

दुसऱ्या हंगामात प्रत्येक मुख्य फांदी बुडापासून तीस-चाळीस सेंटिमीटरवर छाटायची. छाट घ्यायची ती बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. कारण डोळा ज्या दिशेला पाहतो, त्याच दिशेला फांदी जाते. आत पाहणारा डोळा वर ठेवलात तर नवी फांदी झाडाच्या मध्यात घुसेल. प्रत्येक फांदीवर दोन धुमारे राखले म्हणजे सहा ते आठ उपफांद्या होतात आणि झाडाचा आकार वर उघडलेल्या वाडग्यासारखा दिसू लागतो. तिसऱ्या वर्षी हाच क्रम एकदा पुन्हा. त्यानंतर सांगाडा तयार झाला. पुढे वाळलेले, एकमेकांवर घासणारे, आत वळलेले तेवढे काढायचे आणि मागच्या हंगामाच्या फांद्या आखूड करायच्या.

वाडगा मोकळा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात अंजिराच्या पानांवर तांबेरा पडतो. ही एक बुरशी असून पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या दिसतात व पाने अकाली गळतात. पानावरचे पाणी जितका वेळ टिकेल तितकी बुरशीची चंगळ. दाट झाडात ते तासन्‌तास टिकते, मोकळ्या झाडात वाऱ्याने वाळते. अर्थात मोकळे करताना अतिरेक नको. अंजिराची साल पातळ असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडलेली फांदी पश्चिमेच्या बाजूने भाजून निघते. अशा फांद्यांना व खोडाला चुन्याची निवळ न वापरता चांगला दाट चुना लावावा, म्हणजे ऊन परावर्तित होते.

'छाटल्याने झाड जोमाने वाढते' असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. मुळे तेवढीच आणि डोळे कमी, म्हणून उरलेल्या प्रत्येक डोळ्याला वाटा मोठा मिळतो आणि धुमारे जाडजूड येतात. पण सगळ्या झाडाचे वजन केले, तर छाटलेले झाड न छाटलेल्या झाडापेक्षा लहानच भरते. पाने व साठवलेले अन्न त्याने गमावलेले असते. म्हणून लहान झाडावर गरजेपेक्षा एकही छाट जास्त घेऊ नये. दर महिन्याला कात्री घेऊन झाडाभोवती फिरणाऱ्याचे अंजीर उशिरा फळते.

जखम भरते का?

तुमच्या गुडघ्याला खरचटले तर आठवड्याभरात तिथे नवी कातडी येते. बिघडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसतात. झाडाला हे जमत नाही. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या ॲलेक्स शायगो यांनी करवतीने हजारो झाडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमांचा माग काढला. १९७७ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, झाड जखम दुरुस्त करीत नाही, ते तिला कोंडते. जखमेभोवतीच्या पेशी रासायनिक द्रव्यांनी भरून झाड आत जणू भिंती उभारते आणि बाहेरून नवे लाकूड तिच्यावर चढवते. जखमी लाकूड आत तसेच राहते, जन्मभर.

यावरून छाट कोठे घ्यावी हे ठरते. फांदी जिथे खोडाला मिळते, तिथे एक फुगीर वळी दिसते. भिंत उभारणाऱ्या पेशी याच भागात असतात. अख्खी फांदी काढायची असेल, तर या वळीच्या लगेच बाहेर कापावे. खोडाशी सपाट कापले तर वळीही जाते व जखम विनाकारण मोठी होते. उलट लांब खुंट ठेवला तर त्याला अन्न पुरवणारी पाने उरत नाहीत. तो वाळतो, अंजिराच्या मऊ भेंडात कूज शिरते आणि ती आत उतरते. फांदी फक्त आखूड करायची असेल, तर राखायच्या डोळ्याच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा सोडून तिरपी छाट घ्यावी; उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. मनगटाएवढी फांदी असेल तर आधी थोडे पुढे खालून अर्धवट कापावे, मग वरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

हत्यार धारदार हवे. छाटणीची कात्री, जिला माळी लोक सिकेटर म्हणतात, ती स्पिरिटने पुसून घ्यावी. जखमेवर रंग किंवा डांबर फासण्याने कूज थांबत नाही, असे शायगो यांना आढळले होते. आपल्याकडे मोठ्या जखमेवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारस आहे. ती बुरशीनाशक म्हणून, जखम भरावी म्हणून नव्हे.

केव्हा, आणि सांभाळून

अंजीर हे पाने गाळणारे झाड आहे. विश्रांतीच्या काळात त्याचे बरेचसे अन्न खोडात व मुळांत पिष्टाच्या रूपाने साठलेले असते. विश्रांती संपून नवी पालवी फुटण्याच्या जरा आधी छाटणी केली, तर नुकसान सर्वांत कमी आणि फूट सर्वांत जोमदार. पुरंदरकडे पाणी तोडून झाडाला ही विश्रांती मुद्दाम देतात. जूनच्या सुमारास छाटून हिवाळ्यात फळे घेतली तर तो खट्टा बहार आणि पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून उन्हाळ्याच्या तोंडाशी फळे घेतली तर तो मीठा बहार. परसातल्या लहान झाडासाठी दुसरी वेळ बरी. पाऊस ओसरलेला असल्याने ओल्या जखमांचा धोका कमी राहतो.

आता एक इशारा, आणि तो शिक्षकांनीही ध्यानात घ्यावा. अंजिराची कोणतीही हिरवी फांदी तोडली की पांढरा चीक ठिबकतो. त्यात फिसिन हे प्रथिने विरघळवणारे विकर असते; त्याने कातडी चुरचुरते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे चिकातील व पानांतील सोरालेन नावाची द्रव्ये. ती कातडीवर असताना ऊन लागले, तर उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडी भाजते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी लाल चट्टे व फोड उठतात आणि काळपट डाग कित्येक आठवडे राहतात. म्हणून छाटणी भर उन्हात करू नये, संध्याकाळी करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा व रबरी हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. पिकलेल्या फळात हा चीक जवळजवळ नसतो, ते खायला भीती नाही.

वर्गात करून पाहा

प्रत्येक शाळेत अंजीर असेलच असे नाही. पण डोळ्यांच्या जागे होण्याचा प्रयोग वाटाण्यावर करता येतो. मातीच्या वाडग्यांत तीस दाणे पेरा. रोपांना चार-पाच पाने आली की दहा रोपे तशीच ठेवा, दहांचे शेंडे ब्लेडने उडवा आणि दहा काडीला बांधून आडवी वाकवा. दहा दिवस रोज ठराविक वेळी बगलेतले कोंब मिलिमीटरमध्ये मोजा आणि तिन्ही गटांच्या सरासरीचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणत्या पेरातला कोंब सर्वांत आधी हलला तेही लिहून ठेवा. शेंड्याजवळचा की बुडाजवळचा, हे आधी अंदाजाने सांगण्याची पैज लावायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे अंजीर आहे त्यांना छाटणीतून दुसरा प्रयोग फुकट मिळतो. मागच्या हंगामाच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्यांचे वीस-पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे टाकून देऊ नका. प्रत्येकाला बुडाशी सरळ व वर तिरपी छाट द्या, म्हणजे खालचे-वरचे टोक पुढे ओळखता येईल. चीक वाळू द्या आणि तुकडे दोन-तृतीयांश मातीत पुरून कुंडी सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. अंजिराची बहुतेक रोपे अशीच तयार करतात. पण दोन तुकडे मुद्दाम उलटे लावा, तिरपे टोक मातीत आणि सरळ टोक वर. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्योख्टिंग यांनी १८७८ साली विलोच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत असेच उलटे टांगले होते. गुरुत्वाकर्षण उलट दिशेने असले तरी मुळे जोमाने फुटली ती मूळ झाडावर जे टोक खाली होते त्याच्यापाशी, आणि कोंब जोमाने वाढले ते पूर्वी वर असलेल्या टोकापाशी. ऑक्झिनचा शोध तेव्हा लागायचा होता. कुंडीतले उलटे तुकडे सहा आठवड्यांनी हलक्या हाताने उपटून पाहा आणि तुमच्या अंजिराने काय केले ते वहीत आकृती काढून नोंदवा.